टॉलेफसन यांच्या भिंतीतली नळी

अमेरिकेतल्या डुलूथच्या बंदरावर धान्याची उंचच उंच कोठारं आहेत. त्यांतल्या एका कोठारात आर्विड टॉलेफसनने एकतीस वर्षं एकच काम केलं. आग लागू दिली नाही. या कामात एक मोठी पंचाईत असते, ती म्हणजे दाखवायला काही नसतं. पूल बांधणारा पूल दाखवतो, शिक्षक विद्यार्थी दाखवतो, न लागलेली आग माणसाने दाखवायची कशी? पण गव्हाची हवेत उडणारी धूळ ही बंदुकीच्या दारूची चुलतबहीण असते, आणि एका ठिणगीसरशी सबंध कोठार आकाशात जाऊ शकतं, हे ज्यांना ठाऊक होतं ते आर्विडला मान द्यायचे. नवे कामगार आले की पहिल्या दिवशी तो त्यांना रांगेत उभं करायचा आणि म्हणायचा, "धूळ साचली तिथे आग झोपलेली आहे असं समजायचं. तिला उठवायचं नाही, आणि झोपूही द्यायचं नाही. हाकलून काढायची."

मार्च महिन्यात तो निवृत्त झाला. सातव्या आठवड्यात मार्लिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, न्याहारीच्या टेबलावर त्याच्यासमोर एक टॉवेल आपटला.

"हात लाव."

आर्विडने लावला. "ओला आहे."

"दोनदा वाळवलाय! दोनदा ड्रायरमध्ये फिरलाय हा, आणि अजून ओला. मी दवाखान्यात आठ तास लोकांच्या दातांच्या वेळा लिहून घेते, आणि घरी येऊन टॉवेलांची वाट बघत बसू?"

"जाळी साफ केलीस?"

हा प्रश्न विचारायला नको होता. या घरात आल्यापासूनच्या अठरा वर्षांत एकदाही जाळी साफ केल्याशिवाय मार्लिसने ड्रायर लावला नव्हता. ती फ्रिजवर चिकटवलेल्या एका कागदाकडे बोट दाखवून कामावर निघून गेली. त्या कागदावर ड्रायरची नळी साफ करून देणाऱ्या माणसाचा फोन नंबर होता.

आर्विडने तो कागद काढून कचऱ्यात टाकला. धूळ काढायला माणूस बोलवायचा? आणि तो कुणी, तर त्याने?

ज्यांच्या घरी असं यंत्र नाही त्यांच्यासाठी सांगतो. डुलूथला सहा महिने बर्फ, बाहेर कपडे वाळत घालायची सोय नाही, म्हणून घरोघरी ड्रायर. तो कपडे गरम हवेत घुसळतो आणि ती ओली गरम हवा एका नळीतून बाहेर फेकतो. हवेबरोबर कपड्यांची पिंजही जाते, ती करडी, मऊ, कापसासारखी. बरीचशी जाळीत अडकते, पण सगळी अडकत नाही. उरलेली नळीत बसते. आणि वर्षानुवर्षं बसून राहते, कारण तिला कुणी ऊठ म्हणत नाही.

दुपारपर्यंत आर्विड बाजारातून एक ब्रश घेऊन आला. ब्रशाला जोडायला लवचीक काठ्या, एकीत दुसरी पेचाने बसवायच्या, शेवटचं टोक ड्रिलमध्ये अडकवायचं, ड्रिल चालू करायचं की ब्रश गरगर फिरत नळीत शिरतो. हे सगळं तो मांडत असतानाच शेजारचा गॉर्डी हाउकेडाल आला. गॉर्डीने आयुष्यभर नगरपालिकेचा बर्फ हटवणारा ट्रक चालवला होता, आणि वाटेत येणारी कोणतीही गोष्ट जोर लावला की हटते, असं त्याचं तत्त्वज्ञान होतं.

"नळी साफ करतोयस? माझ्या मेहुण्याच्या साडूने नळीत मुंगूस सोडलं होतं."

"मुंगूस?"

"मुंगसासारखंच काहीतरी. पाळीव. शेपटीला चिंधी बांधून."

"मग?"

"नळी साफ झाली म्हणतात. जनावर काही सापडलं नाही."

आर्विडने सौजन्याने मान डोलावली आणि ड्रिल सुरू केलं. ब्रश नळीत शिरला. एक काठी, दुसरी, तिसरी. सहाव्या काठीला तो कशाला तरी अडला. पुढे जाईना. "उलटा फिरव," गॉर्डी म्हणाला. "माझा ट्रक अडकला की मी उलटाच घ्यायचो." आर्विडने ड्रिल उलटं फिरवलं. ब्रशाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं की कोणत्याही परिस्थितीत ड्रिल उलटं फिरवू नये, कारण पेच सुटतात. पण खोका गॉर्डीच्या बुडाखाली होता.

ड्रिल एकदम हलकं झालं. आर्विडने बाहेर ओढलं तर हातात दोनच काठ्या आल्या. उरलेल्या चार आणि ब्रश भिंतीच्या आत राहिले.

गॉर्डीने भोकाला डोळा लावला.

"माझ्याकडे पानं उडवायचा ब्लोअर आहे," गॉर्डी म्हणाला.

इथे आर्विडने नाही म्हणायला हवं होतं. कोठारात कुणी असं काही सुचवलं असतं तर त्याने त्याला दरवाजा दाखवला असता. पण जखमी झालेल्या स्वाभिमानाला एकट्याने बसवत नाही, त्याला सोबत लागते, आणि समोर फक्त गॉर्डी होता. ब्लोअर आला. त्याचं तोंड नळीत खुपसलं, भोवती जुनं ब्लँकेट कोंबलं, आणि गॉर्डीने खटका दाबला.

हवा आत गेली, पुढे वाट मिळाली नाही, म्हणून ती आली तशी परत आली. येताना अठरा वर्षांची पहिली दोन-तीन वर्षं घेऊन आली. खोली करडी झाली. गॉर्डी करडा झाला. दार उघडं होतं, त्यामुळे ढग मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरात गेला आणि आल्माआजींनी चर्चसाठी करून गार करायला ठेवलेल्या लिंबाच्या वड्यांवर अलगद उतरला.

आल्माआजी म्हणजे मार्लिसची आई. वय अठ्ठ्याऐंशी, कान तिखट, डोळे अधू, जीभ शाबूत. त्यांनी वडीवर बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं.

"मी यावर साखर भुरभुरणार होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय भुरभुरलंत?"

गॉर्डीला अचानक घरचं काम आठवलं.

आर्विडने संध्याकाळपर्यंत झाडलोट केली आणि मग नळी भिंतीतून नक्की जाते कुठून याचा माग काढायला बसला. ड्रायरमागून ती भिंतीत शिरत होती, आणि मग... त्याने पावलं मोजली. मग आल्माआजींच्या खोलीमागून. त्याने दार वाजवलं. आजी खुर्चीत बसून विणत होत्या, पाठ भिंतीला टेकलेली.

"आई, जरा बाजूला होता? भिंत बघायचीय."

"माझ्या भिंतीला काय झालंय?"

आर्विडने भिंतीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. भिंत गरम होती. मार्लिसने घरी येऊन पुन्हा लावलेला ड्रायर बंद होऊन तास झाला होता, बाहेर बर्फाचे ढीग अजून वितळले नव्हते, आणि भिंत अशी गरम, जशी एखाद्या जनावराची पाठ असावी.

"ही कधीपासून अशी आहे?"

आजींनी डोळे मिटल्यासारखे केले. "दोन हिवाळे झाले. फार बरं वाटतं पाठीला. मार्लिसने टॉवेल लावले की मी येऊन टेकते."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस."

तीन आठवड्यांच्या धुळीने भरलेल्या खोल्या त्याने पाहिल्या होत्या, पण त्या भिंतीवर तळहात ठेवून उभा असताना त्याला जे वाटलं ते कोठारात कधी वाटलं नव्हतं. आग त्याच्या घरात राहायला होती. दोन वर्षं. आणि त्याची सासू तिला पाठ टेकून मोजे विणत होती.

त्याने तत्काळ जे करायचं ते केलं, म्हणजे त्याला वाटलं की केलं. कोठारातून निरोप घेताना त्याने काही लाल चिठ्ठ्या आठवण म्हणून आणल्या होत्या. यंत्र बंद ठेवायचं असेल तेव्हा खटक्याला बांधायच्या. 'धोका. चालू करू नये. ए. टॉलेफसन.' एकतीस वर्षांत त्याच्या नावाची चिठ्ठी कुणी काढली नव्हती, जहाजांच्या कप्तानांनीसुद्धा नाही. त्याने एक चिठ्ठी ड्रायरला बांधली. प्लग मात्र यंत्राच्या मागे होता, यंत्र जड होतं, आणि त्या दिवशी त्याची कंबर आधीच बोलू लागली होती. प्लग राहिला.

आता कपडे वाळवायचे कुठे? आर्विडने मागच्या अंगणात दोरी बांधली.

वाचकांना यात काही आक्षेपार्ह वाटणार नाही. पण एकाला एक चिकटलेल्या बारा घरांच्या त्या सोसायटीत दोरीवर कपडे घालणं म्हणजे रस्त्यावर दाढी करण्यासारखं होतं. शिवाय त्या आठवड्यात पारा पुन्हा खाली गेला. कपडे वाळण्याऐवजी गोठले. आर्विडची लांब लोकरी विजार अशी कडक झाली की ती दोरीवरून उतरवून भिंतीला उभी करता आली. गॉर्डीने जाता जाता तिला सलाम ठोकला.

दोन तासांत चेअरमनबाई हजर. बर्नडीन क्रूक. हातात नियमांची वही, पेन टोपण काढून तयार.

"आर्विड, तुमच्या कपड्यांबद्दल मला व्यक्तिशः काही म्हणायचं नाही."

"आभारी आहे."

"पण नियम चौदा. वस्त्रं बाहेरून दिसता कामा नयेत."

"बर्नडीनबाई, माझी नळी तुंबलीय. आतून साफ होत नाहीये. तिचं दुसरं तोंड वरच्या मजल्याच्या भिंतीत आहे. मला फक्त शिडी लावून झाकण उघडू द्या, मी दोरी आजच काढतो."

"बाहेरची भिंत सोसायटीची आहे."

"नळी माझी आहे."

"भिंतीतून बाहेर पडेपर्यंत तुमची. पडल्यावर सोसायटीची." त्यांनी वहीतून एक अर्ज काढला. "शिडी लावण्याचा अर्ज. शिडीची उंची, रंग, उद्देश. गुरुवारी चार वाजता कमिटी बसते."

"शिडीचा रंग?"

"मागे एकांनी नारिंगी लावली होती," बर्नडीनबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्या प्रसंगातून सोसायटी अजून सावरलेली नाही.

आर्विडने अर्ज भरला. उद्देशाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'घर जळू नये म्हणून.' बर्नडीनबाईंनी ते खोडून 'देखभाल' असं लिहायला लावलं, कारण पहिल्या उत्तरामुळे इतर सभासद घाबरतील.

एवढ्यावर भागलं असतं. पण बुधवारी सकाळी हार्लन क्विस्ट यांनी आपल्या खिडकीतून एक पक्षी चोचीत काडी घेऊन टॉलेफसनांच्या नळीच्या तोंडात शिरताना पाहिला. हार्लन हे जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर, कमिटीचे सभासद, आणि गळ्यात दुर्बीण असल्याशिवाय ते कुणाला कधी दिसले नव्हते. झाकणाची एक पट्टी तुटली होती, तिथून पक्षी आत गेला होता.

"बाब गंभीर आहे," ते आर्विडच्या दारात येऊन म्हणाले. "देशी पक्ष्याचं घरटं असेल आणि अंडी असतील, तर कायद्याने हात लावता येत नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबावं लागेल."

"किती दिवस?"

"पाच-सहा आठवडे. स्टार्लिंग असेल तर मात्र प्रश्न नाही. तो साळुंकीच्या जातीतला, युरोपातून आणलेला, त्याला संरक्षण नाही."

"मग स्टार्लिंगच असेल."

"तुम्हाला तसं वाटणं स्वाभाविक आहे," हार्लन म्हणाले. "पण शास्त्रात वाटण्याला स्थान नाही. मी फक्त शेपूट पाहिलं."

अशा रीतीने गुरुवारी चार वाजता कमिटी बर्नडीनबाईंच्या दिवाणखान्यात न बसता टॉलेफसनांच्या अंगणात उभी राहिली. बर्नडीनबाई वही घेऊन, हार्लन दुर्बीण घेऊन, आर्विड सोसायटीला चालेल अशा करड्या रंगाची शिडी घेऊन, आणि गॉर्डी काहीच संबंध नसताना खुर्ची घेऊन. सगळ्यांच्या माना वर. मार्लिस कामावर होती. आल्माआजी घरात होत्या.

"हालचाल दिसतेय," हार्लन हळूच म्हणाले. "बोलू नका."

खाली गॉर्डीची खुर्ची करकरली.

"बाहेर येतोय. काळा... अंगावर ठिपके... चोच पिवळी..."

पक्षी भर्रकन बाहेर पडला आणि समोरच्या झाडावर जाऊन कर्कश ओरडू लागला.

"स्टार्लिंग," हार्लन म्हणाले. "निःसंशय." आर्विडने सुटकेचा श्वास घेतला. हार्लन यांनी दुर्बीण खाली घेतली नव्हती. "आणि त्याच्या मागून," ते त्याच शांत, वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "धूर."

पट्टीच्या फटीतून एक बारीक, पिवळट धागा वर चढत होता.

एकतीस वर्षं आर्विडने लोकांना शिकवलं होतं की पळायचं नाही, चालायचं. तो पळाला. पळता पळता ओरडला, "गॉर्डी, आगीच्या बंबाला फोन कर! कुणी आत येऊ नका!" घरात इस्त्री विसरल्यासारखा वास भरला होता, आणि ड्रायर घरघरत होता. ड्रायरच्या खोलीच्या दाराला त्याने हाताची उलटी बाजू लावली आणि लगेच मागे घेतली. दार बंद होतं. ते तसंच ठेवून तो आजींच्या खोलीत शिरला.

आल्माआजी खुर्चीत होत्या, पाठ भिंतीला.

"आई, उठा."

"पाच मिनिटं थांब. चादर होत आलीय."

"ड्रायर तुम्ही लावलात? त्याला चिठ्ठी बांधली होती!"

"ती लाल? मला वाटलं किमतीची आहे. म्हटलं नवीन मशीन आणलं वाटतं, बघू तरी."

आर्विडचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होता. तिथे बशीएवढा तपकिरी डाग उमटला होता, आणि कुणी पलीकडून चहा ओतत असावं तसा तो पसरत होता. ताटाएवढा झाला. रंगाला फोड आला. आर्विड क्षणभर जागचा हलला नाही. जन्मभर ज्या पाहुण्याला दाराबाहेर ठेवलं तो भिंतीतून चेहरा दाखवत होता, आणि तो चेहरा, सांगायला लाज वाटते, भव्य होता.

मग त्याने सासूला उचललं. आजी म्हणाल्या की त्यांना चालता येतं. त्याने ऐकलं नाही. त्यांनी विणायच्या सुईने त्याच्या खांद्यात टोचलं. तरीही त्याने त्यांना अंगणात नेऊन गॉर्डीच्या खुर्चीवर बसवलं, आणि बाहेरच्या पेटीतला विजेचा मुख्य खटका खाली ओढला.

बंब सहा मिनिटांत आला. सहा माणसं आत गेली, आरडाओरडा नाही, धावपळ नाही. भिंत कापल्याचा आवाज आला, पाणी सोडल्याचा आला, मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने त्यांची कॅप्टन बाहेर आली. काजळलेला चेहरा, डोक्यावरचं शिरस्त्राण काखेत.

"विझलीय. घर वाचलं. अजून दहा मिनिटं गेली असती तर या घराचं काही नव्हतं, आणि शेजारच्या दोन घरांचंही..." तिने आर्विडकडे पाहिलं आणि ती थांबली. "टॉलेफसन सर?"

आर्विडने तिला ओळखलं. रोवेना स्कोग. एकोणीस वर्षांची असताना एक उन्हाळा कोठारात कामाला होती. पहिल्या दिवशी तिलाही त्याने रांगेत उभं केलं होतं. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, पण एप्रिलअखेर डुलूथची जमीन गोठलेली असते, ती कुणालाही पोटात घेत नाही.

"मी चिठ्ठी बांधली होती," तो म्हणाला. "प्लग काढला नव्हता."

रोवेनाने शिरस्त्राण दुसऱ्या काखेत घेतलं. "सर, तुम्हीच सांगायचात. चिठ्ठी कागदाची असते." तिने हे इतक्या हळू म्हटलं की फक्त त्यालाच ऐकू गेलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मग ती म्हणाली, "आजींना पहिलं बाहेर काढलंत. दार उघडलं नाहीत. तेही तुम्हीच शिकवलं होतं."

तिच्या माणसांनी भिंतीतून नळी काढून गवतावर आणली, उभी चिरली, आणि आतलं बाहेर पडलं.

एवढं त्या नळीत मावलं कसं? एका टोकाला जळून काळं, भिजून चिखल झालेलं. पण उरलेलं वीसेक फूट कोरडं, गुबगुबीत, मांडीएवढं जाड, एखादा झोपलेला अजगर असावा तसं, आणि त्याच्या पोटात रुतलेला आर्विडचा नवाकोरा ब्रश. करडं वाटत होतं, पण वाकून पाहिलं तर करडं नव्हतं. पट्टे होते. झाडाच्या बुंध्यात वर्षांच्या रेघा असतात तसे.

एव्हाना मार्लिस धावत आली होती. आई ठीक आहे, नवरा ठीक आहे, घर उभं आहे, एवढी खात्री करून घेतल्यावर ती त्या अजगराशेजारी गुडघ्यांवर बसली.

"हा गुलाबी..." तिने बोट लावलं. "आपल्या कर्स्टनच्या बाळाचं पांघरूण, नातीचं पहिलं. आणि हा हिरवा, तुझा तो भयानक स्वेटर. मी मुद्दामच गरम पाण्यात धुतला होता."

"मुद्दाम?"

"आणि हा निळा बघ. दर दोन बोटांवर निळा. सगळीकडे निळा. हा तुझा कामाचा डगला, आर्विड."

रोवेनाही वाकली होती. तिने निळ्या पट्ट्यातून चिमूटभर काढलं, हातमोजा काढून तळहातावर पसरलं आणि काही न बोलता आर्विडपुढे धरलं. पिंजेत बारीक सोनेरी कण चमकत होते. कोंडा. गव्हाचा कोंडा.

आर्विड अजगराशेजारी गवतावर बसला. एकतीस वर्षं तो धूळ कोठारातून हाकलत होता, आणि हाकललेली धूळ त्याच्या बाह्यांत, खिशांत, शिवणींत बसून रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी येत होती. मार्लिस ती धूत होती, वाळवत होती, आणि भिंत ती जपून ठेवत होती.

अजगराच्या वरच्या टोकाला पक्ष्याचं घरटं होतं. अंडी अजून घातली नव्हती. हार्लन यांनी ते दोन्ही हातांत धरलं. बाहेरून काड्या, आतून गुलाबी, हिरव्या आणि निळ्या पिंजेचा मऊ थर. "पस्तीस वर्षं शिकवलं," ते पुटपुटले, "असं बांधकाम पाहिलं नाही."

"सर, यांना दाखवा एकदा," रोवेना म्हणाली. "आम्हाला दाखवायचात तसं."

आर्विड उठला. नळी वाटेवरच्या फरशीवर ओढून त्याने सगळ्यांना दहा पावलं मागे उभं केलं, अगदी पहिल्या दिवशी करायचा तसं. मग सुपारीएवढी कोरडी पिंज दूर, एकट्या फरशीवर ठेवली, पाण्याची बादली शेजारी घेतली आणि लांब काडीने ती पेटवली.

पेटली असं म्हणता येणार नाही. ती होती, आणि मग तिथे एक हातभर उंच ज्वाळा होती, आणि मग काहीच नव्हतं. राखसुद्धा नाही. 'फप्' असा एक आवाज, कुणी कानात फुंकर मारल्यासारखा.

गॉर्डी टोपी हातात घेऊन उभा होता. "सुपारीएवढी होती," तो म्हणाला. "सुपारीएवढी." मग त्याने त्या वीस फुटांकडे पाहिलं, मग बारा घरांच्या रांगेकडे, आणि आपला ब्लोअर आठवून त्याचा चेहरा पांढरा पडला.

बर्नडीनबाईंनी पेनाला टोपण लावलं. "आर्विड," त्या म्हणाल्या, "बाकीच्या अकरा घरांत?"

"तीच नळी. तीच अठरा वर्षं."

"शिडी," बर्नडीनबाई म्हणाल्या, "कोणत्याही रंगाची आणा."

शुक्रवारी आणि शनिवारी सोसायटीच्या भिंतींना अकरा शिड्या लागल्या, त्यांतल्या चार नारिंगी. आर्विडने सगळ्यांना रांगेत उभं केलं, आधी प्लग काढायला लावले, ड्रिल कोणत्या बाजूला फिरवायचं ते तीन-तीनदा सांगितलं. गॉर्डीने खोक्यावरची सूचना मोठ्याने वाचून दाखवली, आणि ती आपणच लिहिल्यासारखी वाचली. प्रत्येक घरातून अजगर निघाले. पाचव्या नंबरातून मोजे निघाले, ज्यांची जोडी लावण्यावरून त्या नवराबायकोत दहा वर्षं अबोला होता असं म्हणतात.

बर्नडीनबाईंच्या घरी मात्र नळीतून काहीच निघेना. ब्रश आत जातच राहिला. शेवटी त्या स्वतः माळ्यावर चढल्या, झडप उचलली आणि डोकं आत घातलं. बांधणाऱ्याने त्यांची नळी बाहेर काढलीच नव्हती, माळ्यावरच सोडून दिली होती. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. मग त्या एकेक पायरी उतरल्या.

"वर बर्फ पडलाय," त्या म्हणाल्या.

आर्विडही वर जाऊन बघून आला. भिंतीपासून भिंतीपर्यंत, गुडघाभर, अठरा हिवाळ्यांची पिंज पसरली होती, तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मधोमध छपराच्या फटीतून आलेला उन्हाचा कवडसा पडला होता. ते इतकं शांत आणि सुंदर होतं की ती साफ करायला हात उचलेपर्यंत त्याला थोडा वेळ लागला.

रविवारी सकाळी, चर्चला जायच्या आधी, सगळ्या नळ्या एकाच वेळी तपासायच्या ठरल्या. टॉलेफसनांचा नवा ड्रायर अजून यायचा होता. मार्लिसने घरातले ओले कपडे शेजाऱ्यांना वाटून टाकले होते. गॉर्डीकडे धुवायला काही नव्हतं, म्हणून त्याने स्वच्छ शर्ट नळाखाली धरून भिजवले. पारा शून्याखाली होता, बंदराकडून वारा नव्हता. लोक हातात कॉफीचे मग घेऊन रस्त्यावर उभे राहिले. बर्नडीनबाईंनी हात वर केला, खाली आणला, आणि अकरा घरांतून अकरा जणांनी ओरडून सांगितलं, "लावला!"

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग तिसऱ्या घराच्या भिंतीतून पांढरा झोत निघाला. मग आठव्या. मग एकदम चार. थंड हवेत वाफ सरळ वर गेली, दाट, स्वच्छ, आणि सूर्य नुकताच छपरांवर आल्यामुळे खालून पांढरी आणि वरून केशरी. शेवटचा बर्नडीनबाईंचा, नव्या झाकणातून. अकरा उंच खांब, एकही वाकडा नाही. कुणी कॉफी प्यायली नाही. एक गाडी रस्त्याने येत होती, तीही थांबली.

आल्माआजी शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण इतकं मोठं आणि इतकं पांढरं त्यांनाही दिसलं.

"कोणत्या घरात माझी चादर आहे?" त्यांनी विचारलं.

"चौथ्या," मार्लिस म्हणाली.

आजींनी बोटाने मोजलं. एक, दोन, तीन, चार. चौथ्या खांबाच्या मागोमाग त्यांची मान वर वर गेली, आकाशात तो विरला तिथपर्यंत.

आर्विड त्यांच्या शेजारी उभा होता. त्याने टोपी काढली. का काढली ते त्याला सांगता आलं नसतं.

"घाल ती," आजी वर बघतच म्हणाल्या. "कान गोठतील."